२१,००० रुपयांच्या दाखल्याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... असं लिहायला घेतलं आणि थांबले. निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली तरी पेन हातात धरलं की ते आपोआप याच वळणावर जातं. आज जे सांगायचं आहे ते या भाषेत मावणार नाही, म्हणून साधंच लिहिते. विषय मात्र सरकारी पद्धतीनेच दिला आहे. खरोखर मार्गदर्शनच हवं आहे.

माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई येत्या एक जानेवारीला पासष्ट पूर्ण करतात. आधार कार्ड काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांना एक जानेवारी मिळाली. त्या हिशेबाने आमच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एकाच दिवशी असतो. या बाईंना लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार मिळतात. पासष्टी ओलांडली की ते बंद होणार, आणि मग पासष्टीपुढच्या निराधारांसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेत अर्ज करावा लागणार. रक्कम तीच, दीड हजार. परवा भांडी घासता घासता म्हणाल्या, "मॅडम, तुमची तहसीलात वळख हाय. तेवढा एकवीस हजाराचा दाखला काढून द्या."

श्रावणबाळ काय आणि विधवा, परित्यक्ता, दिव्यांग यांच्यासाठीची संजय गांधी निराधार काय, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. (दिव्यांगांना ५०,०००.) मी या बाईंना महिना दीड हजार देते. म्हणजे वर्षाचे १८,००० माझ्या एकट्या घरातून त्यांना मिळतात. त्या आणखी तीन घरी जातात. मुलगा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे, तो वेगळाच. तलाठी अहवालाच्या पंचनाम्यावर शेजारपाजारच्या दोघांच्या सह्या लागतात, आणि त्यातली एक सही माझी असावी असं त्यांना वाटतं. शिकलेल्या, सरकारी नोकरी केलेल्या बाईची सही म्हणजे काम पक्कं.

आता अडचण अशी की नोकरीतली नऊ वर्षं मी नेमकी हीच लबाडी शोधत होते.

मराठवाड्यातल्या एका तहसील कार्यालयात संजय गांधी शाखेत मी २०११ ते २०२० अव्वल कारकून होते. मिळालेल्या अर्जांची छाननी, गावात जाऊन स्थळ पाहणी, तक्रार आली की चौकशी, वर्षातून एकदा हयातीची पडताळणी, अपात्र निघाला तर अनुदान बंद करण्याची टिपणी आणि मग वसुलीची नोटीस, असं सगळं माझ्या टेबलावर. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी या कामाला वेगळे तपासनीस नेमलेले असतात म्हणे. माझ्याकडे एक कापडी पिशवी होती आणि कोतवालाची मोटारसायकल. तालुक्यात गावं शंभरावर, आणि तपासनीस मी एकटी, तेही बाकीचं टपाल सांभाळून.

लोकांना वाटतं, असं काम करणाऱ्याला गरिबांचा राग येत असेल नाहीतर कणव तरी. दोन्ही असतं, पण सकाळी अकरा ते सहा जे असतं ते निराळंच. सवय लागते. माणसाशी बोलताना नजर त्याच्या घरात फिरायला लागते. डिश अँटेना आहे का, दारात किती जोड चपला आहेत, पाण्याची मोटर कुणाच्या नावावर. नातेवाइकांच्या लग्नात गेले तरी माझी नजर मांडवातल्या म्हाताऱ्यांची वयं मोजायची. नवरा म्हणायचा, जरा डोळे मिटून बस.

या नजरेने एकदा मला चांगलंच फसवलं. ते आधी सांगते. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

एक निनावी अर्ज आला. अमुक गावच्या अमुक विधवेने दुसरा घरोबा केला आहे, तरी ती सरकारचे पैसे खाते. निनावी अर्जाची दखल घेऊ नये असं परिपत्रक आहे, पण त्या अर्जाची एक प्रत अनुदान मंजूर करणाऱ्या तालुका समितीच्या अध्यक्षांकडेही गेली होती. तेव्हा दखल घ्यावीच लागते. मी गेले. बाई घरी नव्हत्या, कापूस वेचायला गेल्या होत्या. पत्र्याचं घर, दाराला कडी, अंगणात वाळत टाकलेले कपडे. दोरीवर दोन साड्या, लहान मुलाची चड्डी आणि पुरुषाचा पूर्ण बाहीचा शर्ट. शेजारणीला विचारलं, घरात पुरुष कोण? ती बिचकली आणि आत गेली. मी परत येऊन अहवाल लिहिला : "स्थळ पाहणीच्या वेळी पुरुषाचे कपडे आढळून आले. शेजाऱ्यांनी माहिती देण्याचे टाळले." दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी. समितीने अनुदान बंद केलं.

बाई आल्या ते दोन महिन्यांनी, बँकेतल्या शिपायाने "तुमचं नाव कटलं" म्हणून सांगितल्यावर. नोटीस कुणीच दिली नव्हती, माझ्यासकट. त्यांनी पिशवीतून तो शर्ट काढून टेबलावर ठेवला. निळसर चौकड्याचा, उजव्या बाहीला तीन ठिगळं. कापूस वेचताना बोंडांच्या वाळल्या टोकांनी हात ओरबाडतात, म्हणून बाया साडीवरून नवऱ्याचा शर्ट घालतात. नवरा गेला तरी शर्ट राहतो. रडणं नाही, भांडण नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्योच माणूस हाय घरात."

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझी आई माझ्या वडिलांचा शर्ट घालूनच वेचणीला जायची. लहानपणी मी तो धुतलेला आहे. पण खिशात निनावी अर्ज असला की दोरीवरचा शर्ट आईचा राहत नाही.

मी त्याच दिवशी फेरअहवाल लिहिला. पण मंजुरी द्यायची ती समितीने, आणि समिती तेव्हा बरखास्त झालेली. पालकमंत्री नवे आले की समिती नवी, आणि नवी नेमली जाईपर्यंत बैठक नाही. बंद ते सुरू यात एकूण सात महिने गेले. तेव्हा महिना सहाशे होते. सात महिन्यांचे ४,२०० रुपये त्यांना कधीच मिळाले नाहीत, कारण थकबाकी द्यायची तरतूद आमच्या कुणाला सापडली नाही. एखाद्याने सरकारचे ४,२०० बुडवले असते तर मी वसुलीची नोटीस काढली असती. उलट्या बाजूच्या वसुलीचा नमुनाच छापलेला नाही.

म्हणजे बोगस प्रकरणं नसतातच का? असतात, महोदय, भरपूर असतात. ज्याने हे काम केलं आहे तो "गरीब खोटं बोलत नाहीत" असं म्हणणार नाही. गावात चार एकर बागायत, पोरगा पुण्यात कंपनीत, आणि म्हातारा-म्हातारी निराधार म्हणून मंजूर, अशी घरं मी पाहिली आहेत. बाप वारल्यावर सव्वा वर्ष त्याचं एटीएम कार्ड वापरणारा मुलगाही पाहिला. तो सापडला कसा? मी ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर आणि आमची यादी शेजारी शेजारी ठेवून, पट्टी लावून एका दुपारी वाचलं, एवढंच. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो. तो कागद आमच्यापासून दोन किलोमीटरवर एका लोखंडी कपाटात होता, आणि आम्ही मात्र दरवर्षी हजारो जिवंत म्हाताऱ्यांना ट्रॉलीत बसवून तालुक्याला बोलवत होतो, जिवंत आहोत हे दाखवायला. मेलेल्याची नोंद सरकारकडे असताना जिवंतपणाचा पुरावा माणसाकडून मागायचा, ही युक्ती ज्याला सुचली त्याला आमच्या तालुक्यातल्या एप्रिलच्या उन्हात एक दिवस उभं करायला हवं होतं. २०२२ साली हरियाणात रोहतकला पेन्शन बंद झालेल्या एकशे दोन वर्षांच्या आजोबांनी गळ्यात नोटांचे हार घालून, वाजतगाजत स्वतःची वरात काढली. कागदावर ते मेलेले होते. सगळा देश हसला. मी नाही हसले. माझ्या सहीने असे किती जण मेले असतील, हा हिशेब मनात सुरू झाला होता.

आणि एक मोठं प्रकरण. तेही सापडलं ते वाचनातून. एका महिन्यात छाननीला आलेल्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांत "उत्पन्न" हा शब्द "उत्पंन" असा लिहिलेला. अक्षर वेगवेगळं, चूक एकच. मग सगळ्यांच्या मतदान ओळखपत्रांच्या झेरॉक्स उजेडाकडे धरून पाहिल्या. वयाच्या आकड्याभोवती केसाएवढी बारीक काळी चौकट दिसत होती. मूळ कार्डावर दुसऱ्या आकड्याची चिठ्ठी चिकटवून झेरॉक्स काढली की तिच्या कडांची सावली उमटते. पंचावन्नचे पासष्ट केलेले. तालुक्यातल्या ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यातला एकही जण चकित झाला नाही. तहसीलच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसणारा तो एजंट सगळ्यांना माहीत होता. मंजुरीनंतरच्या अनुदानाचे पहिले दोन हप्ते घेऊन काम करून द्यायचा. आत कुणाला काय द्यायचा तेही माहीत होतं.

पुढे काय झालं? बायांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. त्यातल्या निम्म्या अशा की त्या तशाही विधवा म्हणून संजय गांधीत बसल्या असत्या. वय वाढवायची गरजच नव्हती, पण ते त्यांना सांगणार कोण? एजंटाचा जबाब झाला. त्याने सांगितलं, मी फक्त अर्ज लिहून देतो. खरंच होतं ते. अर्जावर अंगठा अर्जदाराचा, अहवालावर सही तलाठ्याची, मंजुरीवर सही समितीची. त्या गठ्ठ्यात एजंटाचं नाव कुठेच नव्हतं. पुढच्या सोमवारी टेबल झाडाखाली परत लागलं. शाखेत आतून पैसे घेणारा जो होता, त्याची बदली झाली. शेजारच्या शाखेत.

म्हणून माझं म्हणणं असं की बोगसगिरीचा माग काढत गेलं तर तो लाभार्थ्याच्या चुलीपाशी क्वचित संपतो. बहुतेक वेळा तो दाखल्याच्या वाटेवर कुठेतरी येऊन थांबतो. आणि त्या वाटेचं पहिलं पाऊल आपल्या खात्याने स्वतः खोटं घालून दिलं आहे. ते म्हणजे हे एकवीस हजार.

साधं गणित करू. मी शाखेत आले तेव्हा, २०११ साली, महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १२७ रुपये होती. त्या दराने १६५ दिवस काम केलं तरी एकटी बाई एकवीस हजारांच्या आत राहायची. २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. त्या दराने सदुसष्ट दिवस. अडुसष्टाव्या दिवशी तिने सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने कुदळ मारली, तर ती निराधार राहत नाही. आणि हे एकटीचं. मर्यादा कुटुंबाची आहे. मधल्या काळात अनुदान सहाशेचं हजार झालं २०१९ मध्ये, दीड हजार झालं २०२३ मध्ये, दिव्यांगांचं २०२५ मध्ये अडीच हजार. प्रत्येक वेळी घोषणा झाली, फलक लागले. ज्या दारातून आत यायचं त्याची उंची मात्र तेवढीच राहिली. आता माणसाने रांगत यावं किंवा खोटं सांगून यावं.

म्हणून सगळे खोटं सांगतात. अर्जदार खोटं सांगतो, तलाठी ते लिहून घेतो, तहसीलदार डिजिटल सही करतो, माझ्यासारखी छाननी करणारी ते खरं धरून पुढे सरकवते. नऊ वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या दाखल्यांवर २०,००० आणि २१,००० याखेरीज तिसरा आकडा मला आठवत नाही. अख्खा तालुका, कोरडवाहू-बागायत, मजूर-भूमिहीन, सगळ्यांचं उत्पन्न जणू एकाच मापाने मोजलेलं.

म्हणजे एक अपवाद आठवतो. एक नवा तलाठी आला होता, पंचवीस-सव्वीसचा, स्पर्धा परीक्षेतून आलेला. त्याने एका विधवेच्या घरी बसून खरा पंचनामा केला. दोन शेळ्या, वर्षाला चार करडं विकली त्याचे इतके, खुरपणी-वेचणीचे इतके दिवस, दिवसाला इतके. बेरीज आली छत्तीस हजार. त्याने लिहिलं छत्तीस हजार. अर्ज नामंजूर झाला. ती बाई तहसीलच्या पायऱ्यांवर बसून त्याला शिव्या देत होती, आणि गंमत म्हणजे आम्ही सगळे तिच्या बाजूने होतो. मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार, मी, शिपाई. सगळ्यांनी त्या पोराला समजावलं, अरे बाबा, असं लिहायचं नसतं. तो म्हणाला, "मग पंचनामा कशाला करायचा?" याचं उत्तर कुणीच दिलं नाही. तीन महिन्यांत तो शिकला. पुढच्या गठ्ठ्यात त्याचे सगळे दाखले एकवीस हजारांचे होते, आणि मला आठवतं, मी सुटकेचा श्वास सोडला होता.

महोदय, हे मी कबूल करते आहे. प्रत्येक फाईलमध्ये एक खोटं आहे हे मला ठाऊक होतं. त्यामुळे ज्याचं नाव कापायचं आहे त्याची फाईल उघडली की कारण तयारच असे. सगळेच नियम मोडत असले की कुणाला पकडायचं हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर जातं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर हरलेल्या गटाच्या म्हाताऱ्यांविरुद्ध तक्रारी कशा यायच्या, आणि त्या बहुतेक खऱ्या कशा निघायच्या, हे मी पाहिलं आहे. खऱ्याच निघणार. जिंकलेल्या गटाच्या तपासल्या असत्या तर त्याही खऱ्याच निघाल्या असत्या.

आता याच्याशेजारी लाडकी बहीण ठेवून पाहा. २८ जून २०२४ चा निर्णय, जुलैच्या सुरुवातीला सुधारलेला. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा नको. रक्कम दीड हजार. मग माझ्या कामवाल्या बाई चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत आहेत म्हणून सरकारच्या बहीण, आणि पासष्टाव्या वर्षी एकवीस हजारांच्या बाहेर आहेत म्हणून कुणीच नाहीत? त्याच बाई, तीच भांडी, तोच दीड हजार. वय वाढलं की गरिबी बाराव्या हिश्श्यावर आणून दाखवायची, हा कुठला हिशेब? दोन खाती वेगळी आहेत हे मला कळतं, ते महिला व बालविकास आणि आपण सामाजिक न्याय. पण बाईंना दोन पोटं नाहीत.

त्या योजनेची छाननीही मी लांबून पाहिली. जूनमध्ये निर्णय, नोव्हेंबरमध्ये मतदान, आणि छाननी आठवली ती पुढच्या जानेवारीत. जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार खात्यांचा लाभ थांबवल्याचं मंत्र्यांनी सांगितलं. चौदा हजारांवर पुरुषांनी पैसे घेतल्याचं निघालं. टीव्हीवर रात्रभर "बोगस बहिणी". चौदा हजार पुरुष म्हणजे काय हे मला विचाराल तर त्यातले काही लबाड असतील, काहींनी बायकोचं खातं नव्हतं म्हणून स्वतःचं दिलं असेल, आणि काहींना आपल्या नावावर अर्ज गेला आहे हेही माहीत नसेल. झाडाखालचं टेबल सगळीकडे असतं. पण हे वेगळं करायचं तर एकेका घरी जावं लागतं. मोठा आकडा जाहीर करायला एक सकाळ पुरते.

घरोघर गेलं कोण? अंगणवाडी सेविका. चारचाकी कुणाकडे आहे त्याची यादी घेऊन. आमच्या गल्लीतली सेविका माझ्याकडे आली होती, यादी पदराखाली धरून. "तुम्ही हे काम केलंय, सांगा कसं करू?" म्हणाली. सहा महिन्यांपूर्वी याच बायांचे अर्ज तिने भरले होते, अर्जामागे पन्नास रुपये मिळणार म्हणून. आता त्यांच्याच दारात जाऊन गाडी कुणाची विचारायचं. गाडी दिराची, दीर शेजारच्या खोलीत, रेशन कार्ड एकत्र. "हो" लिहिलं तर उद्यापासून त्या घरचं पोर अंगणवाडीत येणार नाही, आणि "नाही" लिहिलं तर ही खोटी ठरणार. मी तिला काय सांगणार? माझ्यापाशी निदान परत जायला तालुक्याचं गाव होतं. तिचं घर त्याच गल्लीत आहे. शेजारणीला शेजारणीवर तपासनीस नेमू नये, एवढं कळायला फार मोठा अभ्यास लागत नाही.

माणसं नकोत म्हणून आता यंत्र आलं आहे. थेट हस्तांतर, आधार, ई-केवायसी. मी त्याच्या विरोधात नाही. पैसे थेट खात्यात येऊ लागल्यापासून पासबुकांचे गठ्ठे बाळगणाऱ्यांचं पुष्कळ कमी झालं, हे मान्य केलंच पाहिजे. पण यंत्राचीही एक नजर असते, माझ्यासारखीच. आयुष्यभर ऊस तोडलेल्या बाईचा अंगठा उठत नाही, तेव्हा यंत्राला ती बाई दिसतच नाही. सिम कार्ड घेताना नकळत उघडलेल्या कुठल्याशा खात्याला आधार जोडलेलं असतं, पैसे तिकडे जात राहतात आणि ती जुन्या बँकेत खेपा घालत राहते. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली. त्यात नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. ज्यांचा नवरा वारला किंवा सोडून गेला, आणि वडीलही राहिले नाहीत, त्यांचं काय, हे नंतर सुचलं, आणि मग मुदत वाढली. संजय गांधी शाखेतल्या कुठल्याही कारकुनाला आधी विचारलं असतं तर त्याने चहा संपायच्या आत सांगितलं असतं. आमची अर्धी यादीच तशा बायांची असते.

यंत्रावर सोपवून परदेशात काय झालं तेही आपल्या दप्तरी असेल. ऑस्ट्रेलियात संगणकाने माणसाची वर्षाची कमाई पंधरवड्यांत सारखी वाटून टाकली आणि लाखो लोकांना खोट्या वसुलीच्या नोटिसा धाडल्या. ते बेकायदा ठरलं, चौकशी आयोग बसला, २०२३ मध्ये अहवाल आला. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराचा भत्ता घेणाऱ्या हजारो पालकांना लबाड ठरवलं, घरं उद्ध्वस्त झाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तिथे मंत्रिमंडळ गेलं. इथे सात महिने एका बाईचे सहाशे गेले तर एक कारकूनसुद्धा जात नाही. मी गेले नाही. मला त्या वर्षी वेतनवाढही मिळाली.

मागणं फार नाही. एकवीस हजारांची मर्यादा एकतर काढून टाका किंवा अडीच लाखांच्या जोडीला आणून बसवा. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, पासष्टीपुढचे, यांना उत्पन्न विचारायचंच असेल तर असं विचारा की खरं उत्तर देणारा बाहेर फेकला जाणार नाही. नाव कापण्याआधी नोटीस द्या, मराठीत, हातात, कारण लिहून, आणि म्हणणं मांडायला महिनाभर मुदत द्या. तोवर पैसे चालू ठेवा. चूक आमची निघाली तर थकबाकी द्या, त्याचा नमुना मी फुकट तयार करून देते. अर्ज लिहून देणाऱ्याचं नाव-सही अर्जावर सक्तीची करा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीतून आपोआप तहसीलला येऊ द्या आणि जिवंत म्हाताऱ्यांना घरी बसू द्या. तपासणीला वेगळी माणसं नेमा, शेजारणी नकोत. आणि त्यांना शिकवा. मला नऊ वर्षांत एक दिवसाचंही प्रशिक्षण मिळालं नाही. नजर कशी वापरायची हेही कुणी शिकवलं नाही, आणि कधी वापरायची नाही हेही नाही.

हे होईल तेव्हा होईल. माझा प्रश्न मात्र तातडीचा आहे, कारण जानेवारी लांब नाही. बाईंचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. झेरॉक्स स्वच्छ आहेत, "उत्पन्न" शुद्ध लिहिलं आहे. पंचनाम्यात उत्पन्नाची जागा कोरी आहे. तिथे मी चार घरांचा खरा हिशेब लिहिला तर अर्ज नामंजूर होतो. एकवीस हजार लिहिले तर त्यातले अठरा हजार मीच त्यांना मोजून देते, त्याखाली पंच म्हणून सही माझी, आणि उद्या चौकशीला माझ्याच जागेवरची एखादी पोरगी पिशवी घेऊन दारात उभी राहील. पगार कमी करून पाहू का, असंही बाईंनीच सुचवलं. "कागदावर पाचशे लिवा, मॅडम, मी काय कुणाला सांगत न्हाई."

तरी सदर रकान्यात नेमके काय नमूद करावे, याबाबत उलट टपाली मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून,
संजय गांधी शाखा

प्रत माहितीस्तव : छत्तीस हजार लिहिणारे ते तलाठी, आता जिथे कुठे असतील तिथे.